रत्नागिरीच्या बायका बोलत नाहीत

आमच्या कामाचं पुढे काय झालं असं कुणी विचारलं, की कुंदाताई आणि मी जरा विचारात पडतो. किस्से विचारले की मात्र एकीचं वाक्य दुसरी पुरं करते. अहवाल लिहावे लागले म्हणून लिहिले, किस्से आपोआप साठत गेले.

ऐंशीच्या दशकातलं सांगते. चार देशांतल्या बायकांना एकसारखेच प्रश्न विचारायचे आणि त्यांची आयुष्यं शेजारी-शेजारी ठेवून बघायची, असा तो अभ्यास. आपल्याकडून रत्नागिरीचं नाव कुंदाताईंनी भांडून घातलं होतं. इथल्या कामाच्या त्या प्रमुख, मी मदतनीस. पहिल्या मुलाखती वाचून, हा अभ्यास बघणाऱ्या पुण्याच्या सरांचा निरोप आला, "रत्नागिरीच्या बायका बोलतच नाहीत. पावसाळ्यापर्यंत बघू, नाहीतर जिल्हा बदलू."

कुंदाताई भडकल्या. "बोलत नाहीत? मग मी कुठली आहे?"

*

प्रश्न परदेशात तयार झालेले. त्यात एक होता, घर गरम ठेवायचं काम कोण करतं? रत्नागिरीजवळच्या पालीला भर मे महिन्यात मी तो इमानेइतबारे विचारला. पदराने वारा घेत बाई म्हणाली,

"बाय, ह्या घर गार कसा करायचा ता सांग आधी."

कुंदाताईंनी तो प्रश्न तिथल्या तिथे खोडला.

*

आरे-वारेकडे एकीचा नवरा बोटीवर कुक होता.

"सुट्टीवर आले की घरात मदत करतात?"

"नाय."

"स्वयंपाक येत नाही?"

"अख्ख्या बोटीचा करतात. पन घरी पगार कोण देतो त्यांना?"

बाजूच्या बायका खो-खो हसल्या. ती हसली नाही.

*

दुपारची एसटी चुकली आणि आम्ही कातळावरून चालत निघालो. निम्म्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. कुंदाताईंनी स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"घाल. मला अनवाणी चालायची सवय आहे."

पुढच्या गावात आंब्याच्या सावलीत टेकल्यावर पाण्यात पाय बुडवून म्हणाल्या, "सवय कसली डोंबलाची! पण दोघी थांबलो असतो तर मुलाखत गेली असती."

*

एकीने तर आम्हालाच धरलं. "तिकडच्या बायकांना पन ह्याच इचारता? मग त्या काय बोलल्या? आधी त्यांचा सांगा, मग माजा."

त्यांचं आम्हालाही ठाऊक नव्हतं. कुंदाताई म्हणाल्या, "त्यांचं माहीत नाही. माझं सांगते." आणि आपली सकाळ, आपला नवरा, आपलं सगळं सांगत सुटल्या. नियमात हे बसत नव्हतं. पण त्या दिवसापासून आम्ही तसंच करत गेलो.

*

शेवटी सर स्वतःच आले. आम्ही त्यांना पावसला एका घरी नेलं. तिथल्या सुनेचा नवरा मुंबईला नोकरीला. घरात ती आणि सासू. प्रश्न सुनेला, उत्तर सासूचं.

"सकाळी कधी उठतेस?"

"उठते उशिरा," सासू म्हणाली.

"दिवसभरात दमतेस का?"

"कशान दमंल?"

सर मान हलवायला लागले. मी मनात म्हटलं, गेला जिल्हा हातातून! कुंदाताईंनी पेन खाली ठेवलं.

"आजी, आमचा नियम आहे. बोलणाऱ्या बाईजवळ घरचं माणूस नको. आणि पुरुष तर नकोच नको."

आजी जरा घुटमळल्या. मग उठल्या आणि सरांना म्हणाल्या, "चला. तुमी पन नकोत."

सरांना त्यांनी अंगणात मांडवाखाली बसवलं आणि पुढ्यात सूप ठेवलं. "बसलायत तर कुळीथ निवडा." सर गुमान खडे वेचायला लागले.

आत कुंदाताई आधी आपलं सांगत होत्या, सून पदराचं टोक पिळत ऐकत होती. मग बोलायला लागली. हळू, खाली बघून, नंतर आमच्याकडे बघून. दुसरा प्रश्न विचारायची वेळच येईना. बाहेरून सरांनी विचारलं, "झालं का?" मी वहीचं पान उलटलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आजींनी दार वाजवलं.

"गो, जेवायची वेळ झाली. भात कदी टाकतंस?"

आता ही उठणार, म्हणून मी वही मिटली. ती उठली नाही. बसल्या जागेवरूनच मोठ्याने म्हणाली, "आई, आज भात तुमीच टाका. माजा अजून बोलून नाय झाला."