टुकरीच्या आरशांत मी

पुण्याहून रात्रभर रेल्वेने येऊन यवतमाळच्या एसटीत चढताना मी कडेवर मूल घ्यावं तशी एक काळी पेटी धरली होती. कंडक्टरने आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय हाये त्याच्यात?"

"कॅमेरा."

"एवढा? मंग याचं अर्ध तिकीट काढा लागते."

सगळी बस हसली. मीही हसलो, पण पेटी मांडीवरून हलवली नाही. आत शंभर मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट कॅमेरा होता. भाड्याने आणलेला, पण मी त्याच्या पार प्रेमात. नेर मागे पडलं, कापसाच्या गाड्या मागे पडल्या. यवतमाळला बस बदलली. दिग्रसनंतर डोंगर सुरू झाले आणि पानं झडलेल्या सागांत मधूनच पेटल्यासारखे पळस दिसू लागले. मी घाईघाईने तीन फोटो काढले. तिन्ही खिडकीच्या गजाचे आले. पण काय गज! गंजाचा कण न् कण वेगळा!

पुसदला सलीमभाई घ्यायला आला होता. हा माझा जुना मित्र, लग्नांचे फोटो काढतो. त्याच्याकडे फुल फ्रेम कॅमेरा, एकसष्ट मेगापिक्सेलचा. फुल फ्रेमचा सेन्सर जुन्या पस्तीस मिलीमीटर फिल्मएवढा, माझ्या पाहुण्याचा त्याहून मोठा. यावरून आम्ही अख्खा हिवाळा फोनवर भांडलो होतो.

"काढ तं खरं नवरीले बाहेर," पेटीवर टिचकी मारत तो म्हणाला. "बाप रे! हे तं दोन माणसाचं जेवन जेवत असन."

भांडणाचा निकाल जवळच्या एका तांड्यावर लागायचा होता. सलीमभाईच्या शेजारी राहणाऱ्या सुनीताबाई तिथल्या. पुसदला शाळेत शिकवतात. त्यांच्या याडीची (आईची) टुकरी, म्हणजे डोक्यावरून घ्यायची भरतकामाची मोठी ओढणी, तीन लेकींत सारखी वाटायची होती. तसं याडीच सांगून गेली होती. थोरल्या शांताबाई मारेगावहून कैची चालवायला आल्या होत्या आणि दुपारच्या गाडीने परत निघणार होत्या. सुनीताबाईंचा जीव काही कापायला होत नव्हता. शेवटी तडजोड अशी, की आधी टुकरीचा खऱ्या मापाचा फोटो निघेल, निदान कागदावर तरी ती अखंड राहील, आणि मगच कैची.

अंगणात दोन बांबूंना टुकरी ताणून बांधली होती. मी पाहतच राहिलो! लाल, पिवळा, निळा; टाक्यावर टाका; आणि जागोजागी जुने, हाताने फुगवलेल्या काचेचे किंचित फुगीर आरसे.

पहिला मान सलीमभाईचा. त्याच्या कॅमेऱ्यात एक करामत आहे. तो सेन्सर केसभर सरकवत सोळा फोटो घेतो, मग ते जोडले की माझ्या शंभरालाही लाजवणारा एक फोटो होतो. अट एकच, समोरचं काही हलता कामा नये. वाऱ्याला ही अट कुणी सांगितली नव्हती. प्रत्येक धाग्याला जुळा भाऊ झाला.

"हवा तुह्या पार्टीची दिसते," सलीमभाई म्हणाला.

आता मी! उन्हाने जीव नकोसा झाला होता, म्हणून सदरा काढून बनियनवर आलो, डोक्याला लाल टॉवेल गुंडाळला. एकच क्लिक. लॅपटॉपवर फोटो उघडला आणि मोठा मोठा करत गेलो. सुतातला पीळसुद्धा दिसत होता. "बघा, बघा! याला म्हणतात मीडियम फॉरमॅट!"

मधल्या जमुनाबाई स्क्रीनला नाक लावून बसल्या. "भाऊ, ह्या आरशात कोन हाये?"

"कुठे?"

"हा काय, बनियनवाला! बाई, इकडंबी बनियन! अन् हे पाह्य, पोट!"

शांताबाई हसता हसता खालीच बसल्या. जितके आरसे, तितके मी. सुनीताबाई मात्र हसल्या नाहीत.

"भाऊ, माझ्या याडीच्या टुकरीत जन्मभर तुमचं बनियन पाहू का मी?"

मी घाईने सदरा घातला, उलटा. मग काळ्या घोंगडीला लेन्सपुरतं भोक पाडून तिच्यामागे लपलो. त्या फोटोत मी नव्हतो, पण आरसेही नव्हते. प्रत्येकात घोंगडीच, नुसती काळी भोकं.

"हे तर आंधळे झाले," सुनीताबाई हळूच म्हणाल्या. गाडीची वेळ होत आली होती.

शांताबाईंनी पदर खोचला. "आरसा हाये, कोनी ना कोनी दिसनच. मंग आमीच दिसू. ये वं सुनीता."

दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी उभे केले, तिघी बहिणी त्यांना खेटून उभ्या राहिल्या. आम्ही दोघे मागे मातीत पालथे पडलो, हातात रिमोट. आता सोळा फोटो वगैरे काही नाही, दोन्हींतून एकेकच. पहिली क्लिक माझी. सलीमभाईच्या क्लिकला जमुनाबाईंनी टुकरीकडे पाहून हात हलवला.

"हलू नका ना!" मी मातीतून ओरडलो.

"काहून? याडीले राम राम करू नाई का?"

फोटो पाहून सुनीताबाईंनी मान डोलावली आणि कापड स्वतःच ताणून धरलं. शांताबाईंनी कैची लावली. मग बाटी (ज्वारीची भाकरी) आणि ठेचा खाऊन आम्ही त्यांना गाडीत बसवलं.

पुण्यात येऊन दोन्ही फोटो खऱ्या मापाचे छापले. हातभर अंतरावरून कुठला कुणाचा, मलाच सांगता येईना. शंभर आणि एकसष्ट, ऐकायला केवढी दरी! प्रत्यक्षात रुंदीत ठिपके जेमतेम पाचवा हिस्सा जास्त. नाक टेकवलं की माझा धागा जरा सुटा दिसे, पण भिंतीला नाक टेकवून कोण जगतं? नाव न लिहिता दोन्ही पुसदला पाठवले.

सुनीताबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी हात हलवणारा फोटो निवडला होता. म्हणजे सलीमभाईचा. मागे तो स्वतः उभा राहून मला सलाम करत होता, नालायक!

"थांबा, एक दाखवते," त्या म्हणाल्या. आपल्या वाट्याचा तुकडा त्यांनी त्या छापील टुकरीवर ठेवला. टाक्यावर टाका, आरशावर आरसा बसला. कापलेली कड संपली, तिथून पुढे कागदावर नक्षी तशीच चालू होती, आणि त्यांचं बोट कापडावरून कागदावर न थांबता सरकत गेलं.