देव्हाऱ्यापुढची बंदूक

थंडीचा कडाका वाढला की ती घटना मला अजूनही आठवते. अख्खी नोकरी खाकीत काढली, तरी ती पाठ सोडत नाही. नावं सांगणार नाही. कागल तालुक्यातलं एक गाव, दोन भाऊ आणि त्यांची आई, एवढं वाचकांना पुरे.

सकाळची हजेरी चालू असताना ठाण्यात फोन आला. पलीकडचा माणूस नाव सांगेना. "साहेब, आमच्या गावात थोरल्याला गोळी लागलीया. घरची म्हणतील बंदूक आपसूक उडाली. अजिबात खरं धरू नका. काल सांजच्याला पाण्याच्या पाळीवरनं दोघांचं लई वाजलंय. धाकटा बोंबलून सांगत हुता, एक दिवस गोळीच घालतो तुला म्हणून. सगळ्या गल्लीनं ऐकलंय की!" आणि फोन ठेवला.

निनावी फोन करणाऱ्यांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. त्यातल्या निम्म्यांना न्याय नको असतो, शेजाऱ्याची जिरवायची असते. पण खबर आली की जावंच लागतं. जीप काढली.

थोरल्याला तोवर कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात हलवलं होतं. छर्रे मांडीत घुसले होते, रक्त फार गेलं होतं. अंगणात रक्तावर कुणीतरी चुलीतली राख टाकलेली. धाकटा पळाला नव्हता. गोठ्याच्या कट्ट्यावर रक्ताचे हात घेऊन बसला होता. बंदूक भिंतीला टेकवलेली. दुनळी, बारा बोअरची, वडिलांच्या वेळची. पीक संरक्षणाचा परवाना वडील गेल्यावर थोरल्याच्या नावावर झालेला. पंचनामा करताना बंदूक हातात घेतली तर बोटं तेलानं तुळतुळीत झाली. मनात म्हटलं, चला, निगा तरी चांगली राखलीय.

धाकट्याचं सांगणं एवढंच होतं. भल्या पहाटे उसात डुकरं शिरली, थोरला म्हणाला बंदूक आण. पुढच्या उघड्या सोप्यात टांगलेली बंदूक त्यानं काढली, अंगणात येऊन काडतुसं घातली आणि नळी मिटवली. मिटवताक्षणी बार झाला.

"चापाला बोट लावलंस?"

"न्हाय साहेब."

"मग बंदुकीला काय भूत लागलं होतं?"

"मला म्हाईत न्हाय. दादा शुद्धीवर आला का?"

कोठडीत त्याला मी उलटसुलट विचारलं. ओरडून विचारलं, चहा पाजून विचारलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी काहीतरी नवीन जोडतो, कारण समोरच्याला पटत नाहीये हे त्याला दिसत असतं. हा गडी एक अक्षर वाढवत नव्हता. भांडण झालं का? व्हय. गोळी घालतो म्हणालास? व्हय, म्हणालो. चाप दाबलास? न्हाय. आणि परत तेच, दादा शुद्धीवर आला का. हवालदार म्हणाले, "साहेब, लई पोचलेला हाय." मला काही सांगता येईना. भाऊ मेला तर गुन्हा खुनाचा होणार, म्हणून विचारतोय की जीव तुटतोय म्हणून?

मुख्यालयातल्या आर्मररनं, म्हणजे आमच्या शस्त्रागाराच्या कारागिरानं, पंचांसमोर बंदूक तपासली. भर दुपारी, उन्हाच्या पट्ट्यात टेबल लावून. दहा वेळा उघडली, दहा वेळा मिटवली, लाकडी कुंद्याला रबरी हातोड्यानं ठोकलं. एकदाही घोडा आपसूक पडला नाही. "साहेब, बंदूक ठणठणीत हाय," तो म्हणाला. याचा अर्थ बोट चापावर होतं. प्रकरण मिटल्यात जमा होतं. वरिष्ठांचा फोन आला, दोषारोपपत्राचं बघा.

पण माझी झोप उडाली होती, आणि त्याला कारण ती माउली. दोघांची आई रोज सकाळी एसटीनं यायची. हातात दोन डबे. एक दवाखान्यात थोरल्याच्या उशाशी ठेवायचा, त्याला काही खाता येत नव्हतं तरीही. दुसरा माझ्या ठाण्यात धाकट्यासाठी. बाकावर बसून राहायची. एकदा मला म्हणाली, "साहेब, थोरला गेला तर ह्येला फाशी व्हईल का?" मी फाईलमध्ये डोकं घातलं. थोरल्याच्या जखमेत विष भरत होतं, डॉक्टर हमी देत नव्हते. एक गेला की दुसराही गेला, असा तो हिशोब होता.

एका पहाटे मी आंघोळीला निघालो. बायको स्वयंपाकघरातून करवादली, "थांबा जरा! तेल थिजलंय, बाटली गरम पाण्यात ठेवलीय." दर थंडीत आमच्याकडं हा तमाशा असतो. मी बाटलीकडं बघत उभा राहिलो. वरचं तेल पातळ झालं होतं, खाली पांढराफटक गोळा. आणि एकदम तुळतुळीत बोटं आठवली. पंचनाम्याच्या वेळी एक वास आला होता. धाकट्याच्या डोक्याचं तेल असेल म्हणून मी सोडून दिला होता.

प्रशिक्षणात आमचे उस्ताद तेलावरून जीव खायचे. हत्याराला हत्याराचंच पातळ तेल, तेही थेंबभर, आणि वरून कोरडं फडकं. ते म्हणायचे, "बंदूक म्हणजे भजी नव्हे, तेलात सोडायला!" खायचं किंवा डोक्याचं तेल लावलं तर ते आत चिकट होतं, धूळ धरतं, थंडीत घट्ट होतं. घोड्याला अडवून धरणारी खिट्टी त्यात रुतली की खाचेत पुरती बसत नाही. मग नळी मिटवायचा धक्काही ती निसटून घोडा पडायला पुरतो. आणि आम्ही तपासणी कधी केली? दुपारी, उन्हात!

ठाण्यात आलो तर माउली बाकावर होतीच.

"मावशी, बंदूक कोण पुसतं तुमच्यात?"

"मीच की." तिला बोलायला विषय मिळाला, चेहरा उजळला. "मालक हुते तवर तेच पुसायचे, बारक्या बाटलीतल्या मशीनच्या तेलानं. आता मी करते. खंडेनवमीला देवापुढं मांडायची असती, मग असलं घाण तेल चालतंय व्हय? कशाची चरबी घालत्यात कुणास ठावं! मी आपलं घरच्या नारळाचं सोडते. चांगलं मुरस्तवर, समद्या फटीतनं. मालकांची आठवण हाय ती, गंजू द्यायची न्हाय."

जबाब लिहून घेतला, तिनं अंगठा दिला.

न्यायालयाची परवानगी काढून सील पुन्हा उघडलं. बंदूक रात्रभर मुख्यालयाच्या गच्चीवर पहाऱ्यात ठेवली आणि उजाडायच्या आत पंच, आर्मरर आणि मी वर गेलो. दारू-छर्रे काढलेली, फक्त ठिणगी पाडणारी टोपी असलेली काडतुसं घातली. पहिल्यांदा मिटवली, काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. वाटलं, संपलं सगळं. पोराला मीच फासावर चढवणार. तिसऱ्यांदा आर्मररनं नळी मिटवली, बोट चापापासून लांब, सगळ्यांना दिसेल असं. फट्! एक पंच दोन पावलं मागं सरकला. आर्मररनं कुंद्यापासून यंत्र सुटं केलं. आत साजूक तुपासारखं पांढरं थिजलं होतं.

"आईशप्पथ," तो एवढंच म्हणाला.

पुढं प्रयोगशाळेचाही अहवाल तसाच आला. खुनाच्या प्रयत्नाचं कलम निघालं. परवाना दुसऱ्याच्या नावावर असताना बंदूक हाताळल्याचा आणि हलगर्जीपणाचा गुन्हा राहिला, त्यात जामीन झाला. थोरलाही वाचला, पाय तेवढा अधू झाला. धाकट्याला सोडलं त्या दिवशी मी त्याला आत बोलावून खरं कारण सांगितलं. त्यानं दाराकडं बघितलं. मग म्हणाला, "साहेब, आईला सांगू नका. मरंल ती."

बाहेर माउली उभीच होती. तिनं सरळ मला विचारलं, "मग बंदूक उडाली कशानं, साहेब?"

माझ्या आधी धाकटाच बोलला. "जुनी झालती गं आई. चाप झिजला हुता."

तिनं माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर मी लोकांच्या खोटेपणावर खेकसलो होतो. त्या दिवशी मान हलवली आणि म्हणालो, "व्हय मावशी. जुनीच झालती."

पुढच्या खंडेनवमीला त्या गावावरून जात होतो. थोरल्यानं रस्त्यातच गाठलं. "पावणं, चहा घेतल्याबिगर जायचं न्हाय!" घरात गेलो. परवाना त्यांनी जमा केला होता, बंदूक गेली होती. देव्हाऱ्यापुढं विळा, खुरपी, कोयता मांडलेला, हळदकुंकू वाहिलेलं. माउलीनं चहा पुढं केला. कोयत्याच्या कडेला गंज धरला होता. मी सहज म्हणालो, "मावशी, यंदा तेल न्हाय लावलं?"

तिनं दोन्ही पोरांकडं एकदा बघितलं. ते अंगणात कशावरून तरी हसत होते.

"न्हाय साहेब," ती हळूच म्हणाली. "कोरड्या फडक्यानंच पुसलंय. पोरांना बोलू नका, त्यास्नी वाटतंय मला म्हाईत न्हाय."

गुन्ह्याचं मूळ शोधायला मला खात्यानं शिकवलं. ते सापडल्यावर कुणाच्या डोक्यावर ठेवायचं, हे कुठल्या नियमावलीत नव्हतं. त्या घरानं ते आपापसांत वाटून घेतलं होतं, एकमेकांना पत्ता लागू न देता. मी चहा संपवला आणि त्यातलं कुणाला काही न बोलता निघालो.