लेखातला टर्नर

पंपांचा कारखाना बंद पडला तेव्हा टर्नर एकोणपन्नास वर्षांचा होता. बावीस वर्षं एकाच लेथवर त्यानं पंपांचे दांडे कातले होते. माप न लावता, नुसतं बोटानं चाचपून जाडी सांगायचा. कारखाना गेला आणि तो चौदा महिने घरी बसला.

रविवारी बायकोचे दोघे भाऊ जेवायला येत. दोघेही अर्थशास्त्राचे प्राध्यापक. एकमेकांशी कधी पटलं नाही.

"लोकांनी हात आखडता घेतलाय, म्हणून पंप खपत नाहीत," थोरला म्हणाला. "अशा वेळी सरकारनं खर्च वाढवायला हवा. भाऊजींचा यात काय दोष?"

"सरकारनं पैसा ओतला की नुसती महागाई भडकते," धाकटा म्हणाला. "मजुरी उतरू दे, कामं आपोआप निघतील. भाऊजींना एका वर्कशॉपमध्ये अर्ध्या पगारावर काम मिळत होतं. त्यांनी नाकारलं. याला स्वखुशीची बेकारी म्हणतात."

टर्नर समोरच जेवत होता. बायको वाढता वाढता थांबली.

भाऊ गेल्यावर ती म्हणाली, "म्हणजे इतके दिवस तुम्ही हौसेनं घरात बसलात."

दुसऱ्याच दिवशी तो त्या वर्कशॉपमध्ये गेला. अर्धा पगार चालेल म्हणाला. मालकानं लेथवरच्या माणसाला हाक मारली. "तू उद्यापासून येऊ नकोस. हे तुझ्यापेक्षा कमीत करतायत."

त्या माणसानं हात पुसले. "तिसऱ्या गिअरला खडखड होते," तो टर्नरला म्हणाला. "दचकू नका."

रविवारी टर्नरनं हे सांगितलं. धाकटा खूश झाला. "बघ दादा. पगार उतरला, काम मिळालं."

"आणि ज्याचं गेलं त्याचं काय? जागा एकच ना?"

"तोही उतरेल की थोडा."

"मग माझं जाईल," टर्नर म्हणाला.

"भाऊजी, एका माणसावरून सिद्धान्त ठरत नसतो," धाकटा म्हणाला, आणि थोरल्यानंही मान डोलावली.

पाच महिन्यांनी तो माणूस परत आला. आणखी कमीत काम करायला तयार होता. मालकानं दोघांना टेबलासमोर उभं केलं आणि चहा मागवला, स्वतःपुरता. एकमेकांकडे न बघता दोघं आकडा खाली खाली नेत राहिले. टर्नर आधी थांबला.

त्याच आठवड्यात धाकट्याचा फोन आला. "तुमच्यावर लेख लिहिलाय, भाऊजी. काम चालू आहे ना?"

"गेलं."

"लेख छापायला गेलाय हो. आता बदलला तर सगळी मांडणीच विस्कटेल."

थोरल्यानं त्या लेखाला खरमरीत उत्तर दिलं. त्यातही टर्नर कामावरच होता; फक्त दुसऱ्याचं काम हिसकावून.

बायकोनं दोन्ही लेख कापून जपून ठेवलेत. शेजारीण आली की काढून दाखवते. "ह्यांच्यावर छापून आलंय," म्हणते. टर्नर आतल्या खोलीत असला, तर आधी दार लोटून घेते.