शेरिफच्या कुत्र्याची जर्मन बाई

ब्रेना फेटिगने जर्मन शिकवण्याची पदवी घेतली, त्या वर्षी त्या शाखेत ती एकटीच होती. पदवीदान समारंभात शाखेचं नाव पुकारलं, ब्रेना उठली, आणि शाखा संपली.

चार वर्षांतले शेवटचे सोळा आठवडे तिने एका शाळेत फुकट शिकवलं होतं. फुकट शिकवण्याची फीसुद्धा तिनेच भरली होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं आणि उन्हाळ्यात जर्मनचा वर्ग बंद करून तिथे वेल्डिंगची यंत्रं बसवली. नॉर्थ डाकोटात जर्मन आडनावं पैशाला पासरी, पण जर्मन भाषा कुणाला हवी होती? ब्रेना गावी परतली आणि कॅफेत बटाट्याच्या सुपात पिठाचे गोळे सोडू लागली.

इथवर काही विशेष नव्हतं. पण विद्यापीठाने त्याच वर्षी इंटरनेटवर एक पान काढलं. कुठल्या पदवीला खर्च किती येतो आणि पुढे पदवीधरांचं काय होतं, याचं. जर्मनची पदवीधर एकच, त्यामुळे सरासरी पगार म्हणजे ब्रेनाचा पगार आणि सरासरी कर्ज म्हणजे ब्रेनाचं कर्ज.

तिची आई रोझली ते पान चष्मा लावून वाचायची. "अगं ब्रेने, इथे लिहिलंय, ‘बहुसंख्य पदवीधर खानावळीत’. बहुसंख्य म्हणजे कोण गं?"

"मी."

"आणि उरलेले?"

"तेही मीच, आई."

चर्चमधल्या एका बाईंनी तिचा हात हातात घेतला. "एक्केचाळीस हजार डॉलर कर्ज! काय ही आजची मुलं. सरासरी म्हणतेय हं मी, तुझं नाही."

शाखेला प्राध्यापकही एकच, डॉ. वेंडेल ईड. त्यांचा दर आठवड्याला फोन यायचा. "ब्रेना, आपला रोजगार शून्य टक्के आहे."

"सर, मी रोज नऊ तास राबते."

"सूप हा आपला विषय नाही. जूनपर्यंत असंच राहिलं तर शाखा बंद, म्हणजे मी बंद. तू निदान अर्धवेळ तरी शिकव ना कुणाला. लगेच पन्नास टक्के होतील!"

ब्रेनाने कॅफेच्या दारावर चिठ्ठी लावली: ‘जर्मन शिकवणी’. चिठ्ठीवर कुणीतरी ट्रॅक्टर विकायची जाहिरात चिकटवली.

सप्टेंबरात शेरिफच्या कचेरीने जर्मनीहून एक पोलिसी कुत्रा मागवला, गुस्ताव. त्याला सांभाळायला दिला डेप्युटी लायल होगनला. लायल साडेसहा फुटी, मनाने लोण्यासारखा, आणि जिभेने जड. कुत्र्यासोबत हुकमांचा कागद आला होता, तो त्याने घोकून घोकून पाठ केला.

सुगीच्या जत्रेत फुटबॉलच्या मैदानावर प्रात्यक्षिक ठेवलं. कौंटीचे खजिनदार गादीसारखा जाड अंगरखा घालून चोर झाले. गुस्तावने त्यांची बाही पकडली. टाळ्या पडल्या. आता सोडायला सांगायचं, म्हणजे ‘आउस’ म्हणायचं. लायल सगळा जोर लावून ओरडला, "हाउस!"

गुस्ताव क्षणभर थबकला. मग त्याने खजिनदारांना बाहीसकट ओढत मैदानाबाहेर नेलं, रस्ता ओलांडला आणि समोर दिसलेल्या पहिल्या घरात घुसला. ते घर पाद्रीबाईंचं. बाई पाय चोळत स्वयंपाकघरात बसल्या होत्या. लायल मागून धावत आणखी जोरात "हाउस! हाउस!" ओरडत होता, आणि कुत्रा बिचारा घरात आणखी आत, आणखी आत जात होता.

जत्रेत लावलेल्या कॅफेच्या सुपाच्या गाडीवरून ब्रेना पळी घेऊनच धावली. ती हळूच म्हणाली, "आउस." गुस्तावने बाही सोडली आणि तो तिच्या पायाशी बसला.

दुसऱ्या दिवशी लायल कॅफेत आला, टोपी हातात. "तू काय म्हणालीस गं त्याला?"

"सोड म्हणाले."

"मीही तेच म्हणालो की!"

"तू ‘घर’ म्हणालास. तो घरात गेला. त्याचं काय चुकलं?"

लायलने मान खाली घातली. "मला शिकवशील?"

शेरिफने तिला पूर्णवेळ पगारावर घेतलं. शिक्षक असं खातंच कौंटीकडे नव्हतं, म्हणून पगार ‘कुत्रा: खाद्य व निगा’ या नावाखाली निघायचा. तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत आठवड्यातून चार दिवस वर्ग भरू लागला.

डॉ. ईड तीनशे मैल बर्फातून गाडी हाकत तपासणीला आले आणि फॉर्म काढून मागच्या बाकावर बसले. "विद्यार्थी किती लिहू?"

"एक," ब्रेना म्हणाली.

"कुत्रा?"

"त्याला येतं, सर."

परीक्षा झाली. लायल साठ टक्के, गुस्ताव शंभर. प्राध्यापकांनी पेन चावलं. "धरू या का त्याला? सरासरी ऐंशी होते."

"सर!"

"बरं बरं. राहू दे."

कुत्र्याला न धरताही रोजगार शंभर टक्के झाला. शाखा वाचली. पुढच्या वर्षी अकरा जणांनी नाव घातलं. ब्रेनाची झोप उडाली. तिने अकराही जणांना हाताने पत्रं लिहिली: ‘कुत्रा एकच आहे.’ दोघांनी नाव काढून घेतलं. नऊ जणांनी उलट विचारलं, कुत्र्याचं वय काय?

एका सकाळी लायल वर्गात तोंड पाडून आला. गाडीतून उतरताना त्याचा बूट गुस्तावच्या शेपटीवर पडला होता. "बाई, माफ कर कसं म्हणतात?"

ब्रेनाने फळ्यावर लिहिलं: ‘एन्टशुल्डिगुंग’. लायलने शब्द एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. "एवढं? तोवर त्याचा राग जाईल की."

"म्हण तर खरं."

तो अडखळत, जीभ दातांत अडकवत, घाम पुसत म्हणाला. गुस्तावने मान एका बाजूला कलवली, मग दुसऱ्या बाजूला. हा शब्द त्याला तिकडे कुणी शिकवलाच नव्हता. त्याची माफी मागायची वेळ कुणावर आली असेल?

ब्रेना खुर्ची ओढून दोघांसमोर बसली. "चला," ती म्हणाली, "आता दोघेही माझ्याकडे बघा. एन्ट…"