एकच चप्पल

लेकीकडून घरी परत निघायला पिशवी खांद्याला लावून मी दारात आलो, तर एक चप्पल गायब. सव्वा वर्षाची नात उंबऱ्याशी बसून माझ्याकडे टक लावून पाहत होती. तिला अजून एकही शब्द बोलता येत नाही.

भाषेशिवाय विचार करताच येत नाही, असं मी शाळेत मराठी शिकवताना वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. आता गुडघे धरत कपाटाखाली वाकून बघत होतो. शेवटी चप्पल सापडली ती नातीच्या खेळण्यांच्या टोपलीत, तिच्याच दुपट्याखाली नीट झाकलेली.

“बाबा, हिचंच काम!” लेक हसत म्हणाली. “राहा ना आजचा दिवस.”

सकाळी मी पिशवी भरत होतो, तेव्हा ही पोर शेजारी बसून बघत होती. ‘आजोबा’, ‘जाऊ नका’ यातलं काहीच अजून तिच्या तोंडी आलेलं नाही. एक-दोन मोजणं तर लांबच. पण एका चपलेवर माणूस कुठं जात नाही, एवढं तिनं बरोबर हेरलं होतं.

मी पिशवी परत खुंटीला अडकवली आणि दुसरी चप्पलही नेऊन तिच्या टोपलीत ठेवली.