पर्यटन वाढलं, स्टँड हलला

आमच्या टॅक्सी स्टँडवर गाड्या कमी आन् किस्से जास्त! गिऱ्हाईक नसलं की माणूस बोलणारच. यंदा विषय एकच, पर्यटन. पर्यटन वाढलं की शहर वाढतं म्हणे. साताऱ्यात उभा जन्म गाडी चालवली, शहर वाढताना बघितलं. आता तर आमचाच स्टँड उचलला!

*

भर मे महिन्यात पुण्याच्या एक मॅडम आल्या. "पठारावर फुलं बघायचीत."

म्हटलं, "मॅडम, फुलं पावसाळा सरताना."

"रीलमध्ये कालच बघितली!"

नेलं. वर नुसतं वाळलेलं गवत. त्यांनी तिथंच उभं राहून नेटवर लिहिलं, 'ड्रायव्हरने चुकीच्या डोंगरावर आणले.' घ्या!

*

पठाराखालच्या वाडीतला ज्ञानू रविवारी म्हशी चारायला निघाला. फाटकावरच्या माणसानं अडवलं. "तिकीट?"

ज्ञानू भडकला. "आरं, आमी हितलंच! म्हशी काय सेल्फी काढत्यात व्हय रं?"

दोघं भांडत बसले. म्हशी कवाच आत गेल्या होत्या.

*

मग नगरपालिकेच्या साहेबांनी आम्हा टॅक्सीवाल्यांची मीटिंग घेतली, स्टँड हायवेपल्याड हलवायचा म्हणून. "पर्यटक आला की लोकल माणसाच्या हातात पैसा खेळतो!" आणि जेवणाची पाकिटं मात्र पुण्याहून मागवलेली!

आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर, रहिमतपूरचा बाबूभाई, हात जोडून उठला. "साहेब, स्टँड हलवू नका. पाशिंजर हितंच उतरतो. हायवेच्या पल्याड कुत्रं फिरकत न्हाई. पोरंबाळं उपाशी मरतील आमची."

"स्टँडच्या जागी सेल्फी पॉइंट होणार. विकासासाठी थोडी कळ सोसा."

कळ आम्हीच सोसायची! असा संताप आला म्हणून सांगू.

*

स्टँड हलवलाच. गावात टॅक्सी उभी दिसली की दंड, असा बोर्डही लागला. सेल्फी पॉइंटच्या उद्घाटनाला मुंबईहून दोन बडे पाहुणे आले, हॉटेल काढायच्या विचारानं. फेटे बांधून झाले, फोटो झाले. आता पठार बघायचं, तर साहेबांची आन् पाहुण्यांची, दोन्ही गाड्या मांडवामागं अडकलेल्या.

गंमत बघायला आलेल्या बाबूभाईला साहेब म्हणाले, "अरे, फोन करून एक टॅक्सी बोलव."

"आवं साहेब, बोर्ड तुमीच लावलाय. पाशिंजरानं स्टँडवर यायचं, पाळीनं जिचा नंबर आसंल ती गाडी घ्यायची. चला, दावतो."

निघाली वरात! पुढं बाबूभाई, मागं फेटेवाले, घामाघूम. हायवेपाशी एक पाहुणा वैतागून थांबला. "पर्यटनाच्या गावात टॅक्सी स्टँड इतका लांब? कुठल्या शहाण्यानं नेला?"

साहेब फेटा सारखा करायला लागले.

बाबूभाई मागं वळला. "आवं, सांगा की साहेब!"