हे काल नव्हतं!

आमच्या कात्रजच्या सोसायटीत डास शिरला तरी सेक्रेटरीकाका त्याला "कोणाकडे?" असं विचारत. जिन्यात नवी चप्पल, पार्किंगमध्ये नवी स्कूटर, दुसऱ्या मजल्यावर नवा जावई, काहीही दिसलं की खुर्चीतूनच बोट रोखून म्हणत, "हे काल नव्हतं." माझा पहिला पांढरा केस माझ्या बायकोच्या आधी त्यांनी पाहिला, आणि जाहीर केला तो थेट वार्षिक सभेत.

निवृत्तीनंतर एवढी इमारत त्यांना पुरेना. गच्चीवर त्यांनी तोफेएवढी दुर्बीण बसवली, तिला कॅमेरा जोडला आणि शेजारची सोसायटी तपासायला घेतली. देवयानी दीर्घिका! आपल्या आकाशगंगेची शेजारीण, अब्जावधी बिऱ्हाडांची. आजचा फोटो जुन्याशेजारी ठेवायचा आणि काल नव्हता असा ठिपका हुडकायचा. सापडला तर तो नवतारा. तो जगात सर्वांआधी कळवला, तर शोधाला आपलं नाव. काकांना आयुष्यात आता तेवढंच हवं होतं. दर वेळी कोणीतरी जपानी आधी कळवून मोकळा होई.

"नवतारा नवा नसतो हो," ते मला समजावत. "म्हातारा तारा असतो. शेजाऱ्याचं ओढून ओढून स्वतःवर घेतो आणि एक दिवस भडकतो."

"म्हणजे आपले काळे!"

तिसऱ्या मजल्यावरचे काळे काकांशी बोलत नसत. त्यांच्या पाहुण्यांच्या गाडीची हवा काकांनी सोडली होती म्हणे.

ऐन दिवाळीत ठिपका सापडला. तोवर कोणीच कळवला नव्हता. पण कॅमेऱ्याचा डागही असू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दिसायला हवा होता. आणि आमची इमारत तर अशी झगमगलेली की विमानं उतरायला बघत होती. सकाळी फलकावर सूचना लागली : "देवयानीचा प्रकाश पंचवीस लाख वर्षं चालत येत आहे. आपल्या माळांनी आज नऊ ते दहा विश्रांती घेतल्यास आपल्या घराण्यास कमीपणा येणार नाही."

"आता दिवाळीही यांना विचारून करायची!" काळे गरजले.

नऊ वाजता पहिला आकाशकंदील विझला तो काळ्यांचा. मग अख्खी इमारत काळोखात बुडाली. अंधारातून त्यांचाच आवाज आला, "तिथंही कोणाची तरी हवा सोडायची असेल. सोडू द्या एकदा!"

ठिपका होता. फक्त जपान्यानं तो काही तास आधी कळवला होता. मी सांत्वनाला गेलो, तर काका चिवडा खात बसलेले.

"त्यांच्याकडे संध्याकाळच आधी होते, त्यात त्याचं काय कर्तृत्व?" ते म्हणाले. मग चिवड्यातले दाणे वेचत, "आणि त्याच्या बिल्डिंगनं दिवे घालवले होते का?"

सोसायटीचं कौतुक त्यांच्या तोंडून ऐकलं ते तेवढंच.

गेल्या श्रावणात काका गेले. दिवाळीत फलकावर सूचना नव्हती. तरी नऊला काळ्यांचा कंदील विझला आणि मागोमाग सगळ्यांचे. आम्ही गच्चीवर माना वर करून उभे राहिलो. कोणालाही काहीही दिसलं नाही. दहा वाजून गेले, तरी आधी दिवा लावायला कोणी तयार होईना.